पापण्या आणि तिसरं कडवं

२२ जानेवारी

यमक्या,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर आम्हा दोघांची नावं होती, म्हणून दोघांनी वाचलं. मी एकदा, हिने दोनदा. दुसऱ्यांदा वाचायला ती खिडकीशी गेली. उजेड कमी आहे म्हणाली. आमच्या घरात दुपारी तीन वाजता उजेड कमी असतो, हे मला लग्नाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

डिसेंबरातला वर्गाचा मेळावा अजून मनातून जात नाही. आपले गुडघे त्या बाकांखाली मावले नाहीत, पण फळा पाहिला आणि बाई आठवल्या. कवितेचं पुस्तक उघडून त्या आपल्या बाकाशी येत, आणि त्यांचं ते बदामी आकाराचं, फिक्कट गुलाबी नख ओळीखालून सरकत जाई. जिथे नख थांबेल तिथे आपण थांबायचं. कविता मला कळत होती ती त्या नखामुळे. हे मी हिला आयुष्यभर सांगत आलोय, मेळाव्यातही सगळ्यांसमोर सांगितलं.

उघड उघड ना मूठ जराशी,
काय लपविले आत?
शिंप चिमुकली? पीस मऊसे?
की ताऱ्याची वात?

इथवर मी म्हणतो. दुसरंही म्हणतो. तिसरं मला पाठांतराच्या स्पर्धेत आठवलं नाही, तू उठून ते म्हटलंस, बक्षीस नेलंस, आणि मला जन्माचं नाव पडलं 'कडवं'. त्या रागाने मी ते पुन्हा कधी वाचलं नाही. मेळाव्यात तू तिन्ही कडवी न अडखळता म्हटलीस तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. तहान नव्हती.

परत आलो तर तू हिला विचारत होतास, "काय गं दौत, बोटांवर शाई नाही?" आणि ही म्हणाली, "अरे, केव्हाच सुकली."

अरे.

यमक्या, शाळेत ती आपल्या दोघांच्या दौती भरायची आणि दोघांनाही 'अरे' म्हणायची. लग्न झालं आणि मी 'अहो' झालो. तू 'अरे'च राहिलास. मी कुणाला हे बोललो नाही, तुला लिहितोय.

आता खरी बातमी. मेळाव्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ डिसेंबरला, हिने नखं करून घेतली. जन्मात कधी नखाला रंग न लावलेल्या बाईने एकाहत्तराव्या वर्षी. आमच्या कोपऱ्यावर एक मुलगी नखांचं दुकान चालवते. आम्ही तिला नखवाली म्हणतो. ती आधी नखं घासते, मग त्यावर मधासारखं दाट काहीतरी चढवते, मग हात एका छोट्या निळ्या दिव्याखाली ठेवायला लावते. दीड तास हिचा हात तिच्या हातात. दर तीन आठवड्यांनी. परवा १९ तारखेला दुसरी खेप झाली.

घरी आल्यावर ही हात टेबलावर ठेवून बसते आणि माझ्याकडे बघते. मी विचारलं, "हे कुणासाठी?" ती म्हणाली, "ओळखा."

तू तिला वेगळं काही लिहिलंस का? साधा प्रश्न आहे, साधं उत्तर दे.

दुसऱ्या कडव्यापर्यंत तुझाच,
कडवं


४ फेब्रुवारी

कडव्या,

साधं उत्तर: नाही. मला एक पत्र लिहायला तीन दिवस लागतात, दोन कुठून लिहू?

चाळीस वर्षं दातांचा कारखाना चालवला मी. म्हणजे दंतवैद्य मापं पाठवायचे आणि मी कवळ्या घडवायचो. गुलाबी भुकटीत वासाचं पाणी कालवायचं, बोटाने मळायचं, साच्यात भरायचं. त्या पाण्याने बोटांची टोकं अशी फाटली की सात वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. अजून टोकांना धड स्पर्श कळत नाही, पेन धरलंय की काडी ते बघावं लागतं. शाळेत एकीच्या दौतीने बोटं निळी झाली, पुढे लोकांच्या दातांनी लाल. दौत गेली, दात आले. हे यमक तुला फुकट.

तुझ्या बायकोने नखं केली तर तू "छान दिसतात" म्हणावंस, अशी जगाची रीत आहे. तू "कुणासाठी" विचारलंस. धन्य आहे.

आणि 'अरे'चं म्हणशील, तर माझ्या घरात आता 'अरे' म्हणायला कुणी नाही आणि 'अहो' म्हणायलाही नाही. आमच्या हिला जाऊन चार वर्षं झाली. फोनवर औषधांचा दुकानदार 'आजोबा' म्हणतो, तेवढंच. तेव्हा मेळाव्यातला एक 'अरे' तू मला उधार दे, परत मागू नकोस.

दौतीला विचार, ती कविता तिला आठवते का. तिसरं कडवं तर तिला नक्की आठवत असणार. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिनेच आपल्या दोघांचं पाठांतर घेतलं होतं, विसरलास?

यमक्या


२७ मार्च

यमक्या,

नऊ आठवडे लिहिलं नाही. मी गप्प बसून पाहत होतो. आता पुरावा जमला आहे. कॅलेंडर समोर ठेवून लिहितोय.

९ फेब्रुवारीला ही नखवालीकडे गेली. १० ला तुझं पत्र आलं, त्यात तिसऱ्या कडव्याचा निरोप. ११ ला सकाळी हिचे डोळे सुजलेले, पापण्या लाल, जणू रडून रडून. मी विचारलं. म्हणाली, "काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं." दोन्ही डोळ्यांत एकदम?

२ मार्चला पुन्हा नखं. ४ ला पुन्हा पापण्या लाल. त्या आठवड्यात तुझं पत्र नव्हतं. म्हणजे पत्र आलं म्हणूनही रडते आणि आलं नाही म्हणूनही.

२३ मार्चला पुन्हा. २५ ला डोळे उघडेनात, इतकी सूज.

शिवाय ती हात लपवते. आधी टेबलावर ठेवायची ते आता स्वेटरच्या खिशात. घरात पांढरे सुती हातमोजे घालून वावरते, विचारलं तर म्हणते गारठा आहे. परवा कपातला चहा सांडला, ब्लाऊजचं बटण लागेना. मी लावायला गेलो तर हात मागे घेतला. मोजे वाळत होते तेव्हा मी तिची बोटं चोरून पाहिली. टोकांची सालं निघाली आहेत, नखांभोवती चिरा. मला वाटतं ही काहीतरी लिहिते आणि खोडते, लिहिते आणि खोडते. नाहीतर माणसाची बोटं अशी कशाने होतात?

एकदाच स्पष्ट विचारलं. "कुणासाठी रडतेस?"

तिने हात खिशात घातले. मग म्हणाली, "अहो, रडायचं असतं तर सेहेचाळीस वर्षांपूर्वीच सुरुवात केली असती." आणि आत गेली. हे काय उत्तर झालं?

तू विधुर आहेस, एकटा आहेस, मला कळतं. वाईटही वाटतं. पण मी जिवंत आहे हे तू लक्षात घ्यावंस. तिचे पुढचे दोन दात मागच्या महिन्यात काढले. ६ एप्रिलला खालच्या कवळीचं माप द्यायचं आहे. त्याआधी घरात शांतता हवी. नवे दात कसे असावेत हे तिने तुला विचारायचं ठरवलं असेल तर तेही नको. आमचा दंतवैद्य हुशार आहे.

यापुढे पत्र लिहू नकोस.

कडवं


३० मार्च

कडव्या,

पत्र लिहू नकोस म्हणालास. हे पत्र नाही, नोटीस आहे. म्हणून कुरिअरने पाठवतोय.

दौत रडत नाहीये.

तुझं पत्र मी पहिल्यांदा दोस्त म्हणून वाचलं आणि चिडलो. दुसऱ्यांदा कवळीवाला म्हणून वाचलं आणि घाबरलो. टोकांची सालं, नखांभोवती चिरा, बटण न लागणं, पापण्या लाल, आणि सगळं दर तीन आठवड्यांनी, दुकानातून आल्यावर दोन दिवसांनी. अरे, हे माझं वर्णन आहे. माझ्याही पापण्या अशाच सुजायच्या आणि आमच्या हिला वाटायचं मी आईच्या आठवणीने रडतो. बोट डोळ्याला लागतंच, आणि पापणीची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. बोटांनी सोसलं नाही ते पापणी कसं सोसेल?

नखवाली जे दाट मधासारखं चढवते ते आणि माझं वासाचं पाणी एकाच खानदानातलं. अ‍ॅक्रिलेट म्हणतात. दिव्याखाली नीट वाळलं तर ते गपगुमान बसतं. कच्चं राहिलं, कडेच्या कातडीला लागलं, की एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं. पहिल्या एकदोन खेपांना काही होत नाही. एकदा वैर धरलं की मग ते आयुष्यभराचं. माझं अजून सुटलेलं नाही.

आता नीट वाच.

नखं उपटू नका. उपटली तर खालचं खरं नखही सोलून येतं. नखवालीलाच नीट उतरवू दे, पण तिला सगळं सांगून. नवी खेप अजिबात नाही. दुसऱ्या कंपनीचं वापरून बघू, असं ती म्हणाली तरी नाही. बाटलीवर 'त्वचेला सौम्य' लिहिलेलं असतं, लिहायला काय जातं. वरून चिकटवायची तयार नखंही नकोत, ती ज्याने चिकटवतात तो गोंदही काही लोकांना बाधतो.

कातडीच्या डॉक्टरकडे जा. ते पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या लावून नक्की कशाशी वैर आहे ते शोधतात. औषध तेच देतील, तुझ्या कपाटातलं जुनं मलम नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ६ तारखेच्या मापाआधी दंतवैद्याला हे सांग. ती कवळी कशाची होणार आहे ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. बोटावरचं वैर हिरडीवर नेऊ नकोस. माझ्या एका गिऱ्हाइकाचं तोंड महिनाभर असं पेटलं होतं की तिने जेवण सोडलं. मी तेव्हा तिला म्हणालो होतो, "सवय होईल." ते वाक्य अजून टोचतं.

पुढे कधी सांध्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरलाही सांगायचं, नवा सांधा ज्याने बसवतात ते सिमेंटही याच खानदानातलं. कागदावर लिहून पाकिटात ठेव.

नखवालीवर ओरडू नकोस. तिची बोटं बघ आधी. तिने पातळ रबरी मोजे घातले असतील तर तिला सांग, हे त्यातून काही मिनिटांत आरपार जातं.

आता तुझ्या पुराव्याबद्दल. होय, मला दौत आवडायची. वर्गातल्या निम्म्यांना आवडायची. तुझा हेवा मी पन्नास वर्षं केला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता तर जास्त करतो. तुझ्याकडे हात लपवायला कुणीतरी आहे.

नखं कुणासाठी केली ते तिला पुन्हा विचार. मला वाटतं मला कळलंय. तुझ्या पहिल्याच पत्रात, तुझ्याच अक्षरात लिहिलंय. पण ते सांगायचं काम माझं नाही.

यमक्या


२६ एप्रिल

अरे यमक्या,

अक्षर यांचं आहे, बोलते आहे मी. बोटांना मलम लावून पट्ट्या बांधल्यात, दोन आठवडे पेन धरायची बंदी आहे. म्हणून यांना समोर बसवलंय. एक शब्द गाळायचा नाही, असं बजावलंय.

(लेखनिक शब्द गाळत नाही. फक्त कंसात बोलेल. कडवं)

तुझी नोटीस ३ तारखेला आली. यांनी दाराशीच उभ्याने वाचली. मग माझे मोजे काढले. एकेक बोट बघितलं. म्हणाले, "दुखतं का?" मी म्हटलं, "दीड महिना झाला." तोवर एवढं साधं विचारलंच नव्हतं कुणी.

(खरं आहे.)

मोजे का घातले तर, मला लाज वाटली रे. या वयात नखं करून घ्यायची आणि वर तीही अंगाला लागायची नाहीत. नखवालीला म्हटलं तर ती म्हणाली, "आजी, सवय होईल." तेच तुझं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दोघं तिच्याकडे गेलो. हे तावातावाने निघाले होते. पण तिने स्वतःचे रबरी मोजे काढले तर तिचीही टोकं माझ्यासारखीच, आणि यांचा आवाजच बसला. बिचारी म्हणाली, "आजोबा, मी बोलले तर गिऱ्हाईक येणार नाही." यांनी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, मधला तुझ्या हेव्याचा भाग सोडून.

(तो भाग खासगी होता.)

तिने माझी नखं निगुतीने उतरवली, आणि आमच्याबरोबर तीही डॉक्टरीणबाईंकडे आली. पाठीवर पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, पुन्हा दोन दिवसांनी बोलावलं. माझी पाठ बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हेमा निघाली." तर हे म्हणतात, "कोण हेमा?"

यमक्या, त्या नखाच्या मधात हेमा नावाचं रसायन असतं. यांना वाटलं आणखी कोणीतरी आहे.

(लेखनिक ते कुणा स्त्रीचं नाव समजला. चूक कोणाचीही होऊ शकते.)

नखवालीलाही तीच हेमा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "'हेमा नाही' असं लिहिलेल्या बाटलीतही तिच्या बहिणी असतात, तेव्हा सगळं घराणंच टाळा." नखवाली आता ते काम करत नाही. नखं घासणं, आकार देणं, कोणाला हवा तर साधा रंग. गिऱ्हाईक कमी झालं, पण परवा तिचा एक अंगठा बरा झालेला तिने मला दाखवला, बाळाचा पहिला दात दाखवतात तसा.

दाताचं म्हणशील तर दंतवैद्याने माप पुढे ढकललं. तुझं पत्र स्वतः वाचलं आणि म्हणाला, "हे मला आधी सांगणारे तुम्ही पहिलेच." आता वेगळ्या मटेरिअलचे करणार आहे, आधी डॉक्टरीणबाईंशी बोलून. तोवर मी मऊ खाते आणि बोबडं बोलते. हे 'यमक्या' मी 'यमच्या' म्हणते आहे, यांनी सुधारून लिहिलंय.

आता हातांचं. कातडी बरी झाली की साधा रंग चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी एका नखावर लावून बघायचा. मला नको. मी नखं आखूड ठेवणार. नखवालीने एक मऊ घासणी दिली आहे, तिने हलकं हलकं घासलं की नखाला त्याचंच पाणी येतं. मला पट्ट्यांमुळे धरता येत नाही, म्हणून तिने यांना शिकवलं. आता रविवारी सकाळी हे चष्मा लावून बसतात, पट्ट्या सोडतात आणि माझा हात अर्धा तास धरून घासतात. दोन नखं झाली की विचारतात, "ती असंच करायची का? की जास्त चांगलं?" नखवालीचासुद्धा मत्सर, यमक्या. सांग आता.

(जास्त चांगलं कोण करतं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.)

आता ते. यांनी मला पुन्हा विचारलं, नखं कुणासाठी केलीस. तू म्हणालास ना तुला कळलं? तुला कळणारच. यांनाच कळलं नाही.

सेहेचाळीस वर्षं मी बाईंचं नख ऐकत आले. बदामी, फिक्कट गुलाबी, ओळीखालून सरकणारं. कुठे कविता निघाली की बाई. चांदणं दिसलं की बाई. मी दौती भरायची, माझी नखं निळी. पुढे भांडी, कपडे, पोरांची दुखणी, माझ्या नखांना कसला आलाय आकार. मेळाव्यात तू माझ्या बोटांवरच्या शाईची आठवण काढलीस. तेवढ्यात हे पाणी पिऊन आले आणि सगळ्यांसमोर पुन्हा बाईंचं नख. ज्या बाईंना जाऊन तीस वर्षं झाली त्यांच्यावर मी जळत बसले रे, एकाहत्तराव्या वर्षी. म्हटलं, एकदा तशी नखं करून यांच्या पुढ्यात ठेवू. नखवालीला सांगितलं, "बदामी आकार, फिक्कट गुलाबी, जास्त नको." टेबलावर ठेवली. यांनी विचारलं, कुणासाठी.

लिहिलंत का?

(लेखनिकाने पेन खाली ठेवलं होतं. आता उचललं आहे.)

पुढे लिहा. तू विचारलं होतंस तिसरं कडवं मला आठवतं का. मी तुमच्या दोघांचं पाठांतर घेतलं तेव्हा यांना ते नीट येत होतं. स्पर्धेत उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि विसरले. का विसरले ते मला तेव्हाच समजलं होतं. यांना वाटलं बक्षीस तू नेलंस. घ्या लिहून, मी सावकाश सांगते.

मुठीत नाही शिंप, पीस वा
चोरुन धरला तारा;
धरशील हात म्हणून मिटला
होता खेळच सारा.

(इथे मी म्हणालो, "हे त्याला कशाला पाठवायचं? त्याला पाठ आहे." ती म्हणाली, "त्याला नाहीच सांगत आहे." मी पट्टी बांधलेल्या तिच्या हाताकडे बघत राहिलो. शाई कागदावर पसरली, डाग दिसतोय तो त्याचाच. ती म्हणाली, "अरे, थांबलास का? लिही ना."

यमक्या, मला म्हणाली.)